पस्तीस वारांची किल्ली

सोलो, शुक्रवार

वडीलबंधुसमान मास सुद्राजत यांना धाकट्या शास्त्रविगुणाचा गुडघ्यांना हात लावून नमस्कार. (डाव्या गुडघ्याला हळूच. त्याचं दुखणं कसं आहे? आमच्या हिने, मार्सिहने, पाठवलेला आल्याचा काढा तुम्ही घेता, की वहिनी झाडांना घालतात?) इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे ज्यांना यानुआर भेटला त्यांचं क्षेम आहे, उरलो मी.

यानुआर तुमचाच जुना विद्यार्थी, आता इथल्या तंत्रशाळेत शिकवतो. जानेवारीत जन्मला म्हणून यानुआर. आईबापांनी कल्पनाशक्तीला ताण दिला नाही. (नावांबद्दल मी बोलू नये हे खरं. आपल्या जावानीत विगुण म्हणजे गुणी, संस्कृतात गुणहीन, आणि मार्सिह नेहमी संस्कृताची बाजू घेते.) तर ग्राहकांची खासगी माहिती सांभाळण्याचा तो नवा कायदा आल्यापासून आमच्या गल्लीतले बातिकवाले, शिंपी, छापखानेवाले घाबरून गेले होते. मोठ्या कंपन्यांनी सांगितलेले दर ऐकून दोघांनी दुकानं बंद करायची भाषा केली. तेवढ्यात हा सायकलवरून आला आणि म्हणाला, साधनं फुकट आहेत, ओपन-सोर्स आहेत, कुणीही उघडून बघा, सुधारा, पुढे द्या. झालं! जणू गंगावतरण. अहो, पोथ्यांचं आपण हजार वर्षं दुसरं काय केलं? उतरवून घ्या, चूक दिसली तर सुधारा, शेवटी वाईट अक्षराबद्दल क्षमा मागा, पुढच्याला द्या. माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं स्मरत नाही.

टाळ्यांचं सोडा. मागच्या महिन्यात शिंप्याच्या घरी स्लामतानचं, म्हणजे शुभप्रार्थनेचं, जेवण होतं. पिवळ्या भाताच्या शंकूचं टोक कापून मानाच्या माणसाला देतात. या गल्लीत एकोणीस वर्षं ते टोक माझ्या पानात पडत आलंय. मी पान पुढे केलं. शिंप्याने टोक उचललं, माझ्या पानावरून नेलं आणि यानुआरच्या पानात ठेवलं. वर मला म्हणतो, “गुरुजी, तुम्हाला भात झेपतो कुठे आता!” (मी तीनदा घेतला. टोकाशिवाय.)

आता मुख्य अपमान. यानुआरने सभागृहात सगळ्या दुकानदारांना बोलावलं आणि पडद्यावर दाखवलं, की एक्केचाळीस दुकानांपैकी छत्तीस दुकानांचे पासवर्ड त्याच्या फुकट यंत्राने चहा गार व्हायच्या आत ओळखले. कसे? तर प्रत्येकाने आपला वेतोन, म्हणजे जन्माचा जोडवार, लावला होता: नेहमीच्या सात वारांतला एक, त्याला जोडून आपल्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला एक. सात पंचे पस्तीस. पस्तीस शब्दांत अख्खी गल्ली उघडते.

“पण हे सगळ्यांना सुचलं कसं?” यानुआरने निरागसपणे विचारलं.

एक्केचाळीस माना माझ्याकडे वळल्या. कारण दुकानाचा मुहूर्त मी काढतो, लग्नाच्या जुळण्या मी बघतो, आणि कॉम्प्युटर घेतल्यावर ‘गुरुजी, शुभ काय लावू?’ हेही मलाच विचारलं होतं. सगळ्यांचे वेतोन माझ्या वहीत आहेत. ती वही लग्न जमवणारा कोणीही घरी नेतो. सध्या ती फिरत फिरत पोलीस चौकीत आहे.

“म्हणजे चोराने गुरुजींकडे मुलगी दाखवायला यायचं फक्त!” छापखानेवाली बू रातमी म्हणाली. यानुआर हसला नाही, हे मला अधिक लागलं. हसला असता तर त्याचा राग तरी करता आला असता.

त्याच आठवड्यात मार्सिहच्या जामूच्या, म्हणजे औषधी काढ्यांच्या, दुकानाला एका हॉटेलची कायमची मागणी आली. वीस वर्षं पाठीवर टोपली वाहून तिने या दिवसाची वाट पाहिली. अट एकच: या शनिवारपर्यंत कायद्याच्या पूर्ततेचा दाखला. (कोणाला कशासाठी कोणता काढा, हे सगळं तिच्या यादीत आहे, ती फुटली तर अर्ध्या गल्लीचे संसार फुटतील.) ती म्हणाली, “यानुआरला बोलावते.” मी म्हणालो, “घरात शास्त्री असताना?”

मी तेच फुकट साधन उतरवून घेतलं, यादीला कुलूप घातलं आणि पासवर्ड म्हणून स्वतः रचलेला अनुष्टुभ् श्लोक लावला. बत्तीस अक्षरं. ब्रह्मदेवालाही ओळखता येऊ नये असा. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना तिसरा चरण जरा सैल वाटला, तो मी मनातल्या मनात सुधारला. मग चौथाही. आता श्लोक निर्दोष आहे, फक्त यंत्राला तो मान्य नाही, आणि मूळ खर्डा मला काही केल्या आठवत नाही. आज पाचवा दिवस. यादी अशी सुरक्षित आहे की कायद्यालाही संकोच वाटावा. मार्सिह नुसती रोज विचारते, “सुचलं?”

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
शास्त्रविगुण

ता.क. उद्या शनिवार. हे पत्र शेजारचा ट्रकवाला आजच तुमच्या हाती देईल. यानुआर तुमचा शब्द मोडत नाही. त्याला फोन करून सांगा, की ‘सहज’ आमच्याकडे डोकाव. मी सांगितल्याचं सांगू नका. तो आला तर मी आश्चर्य दाखवेन. त्याचा सराव केला आहे.

ता.क. दुसरा. फोन करू नका. ट्रक निघायला वेळ होता, तेवढ्यात मार्सिहने पत्र वाचलं. मी कुलूप घालायच्या आदल्याच दिवशी यानुआर येऊन यादीची प्रत दुकानातल्या कॉम्प्युटरवर नीट बसवून गेला होता. दाखला परवाच मिळाला; हळदीच्या बरणीमागे टांगलाय. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, “पाच दिवस घरात शांतता होती हो.” तिचा नवा पासवर्ड तिने फासे टाकून, पडेल त्या आकड्याचा शब्द उचलून ठरवलाय, सहा शब्दांचा. सव्वीस वर्षांत या बाईची मला ठाऊक नसलेली ही पहिली गोष्ट. यानुआरलाही ठाऊक नाही. मी त्याच्या घरी जाऊन, समोर बसवून, दोनदा विचारून आलो.