रस्त्याकडच्या खिडक्या

२ डिसेंबर
ठरलं! खिडक्या बदलायच्या. डबल काचेच्या.

दिवाळीला हळद पॉलिशचा धंदा बंद करून हे घरी बसले. तीस वर्षं त्या हळद घासायच्या लोखंडी ढोलाच्या खडखडाटात काढली, वाटलं आता दोघं निवांत बोलू. कसलं काय! आमचा रस्ता कारखान्याचा. उसाचे ट्रॅक्टर, त्यावर कर्णे, त्यातून गाणी. साधं "चहा घेता का" विचारायचं तरी ओरडावं लागतं. ओरडून भांडता येतं, गप्पा नाही मारता येत. महिनाभरात आमचं बोलणं "आँ?" आणि "जाऊ दे"वर आलंय.

५ डिसेंबर
मिरजेचा खिडक्यावाला विश्वजित मापं घेऊन गेला. मला सरकत्या हव्या होत्या. "काकू, सरकत्याला फट राहती. दारागत उघडणाऱ्या घ्या, रबर गच्च बसतंय." बरं, तशा.

डबल काचेची एक पेटी आणली होती – आत वाजता मोबाईल ठेवायचा, झाकण लावलं की आवाज बंद. झाकण अजून त्याच्या हातातच, तेवढ्यात हे म्हणाले, "व्वा! कायबी ऐकू येत न्हाई. लय भारी!"

"आवं, लावू तरी द्या त्याला!" आम्ही पोट धरून हसलो. हेही हसले. थट्टेची खोड जुनीच.

१४ डिसेंबर
पुण्याहून लेकीचा, दीपमालाचा फोन. दिवस गेलेत पोरीला!! देवा, या वेळी सगळं नीट होऊ दे.

"फक्त बाबांना सांग. तीन महिने होईपर्यंत दुसऱ्या कुणाला नको." मागच्या वेळी गावभर झालं, आणि मग तेच लोक समजूत घालायला आले. शेजारच्या शालूबाईंची अन् आमची खिडकीला खिडकी, त्यात त्यांचे कान तिखट. मी ओरडले की बातमी संध्याकाळच्या आत पेठेत!

परवा खिडक्या बसतील. मग समोर बसून, हळू आवाजात सांगेन. नव्या शांततेत पहिलं वाक्य हेच.

१६ डिसेंबर
घरभर धूळ. हे दिवसभर कामगारांच्या मागं – "कोपरा नीट भरा रं!" संध्याकाळी विश्वजितनं शेवटच्या खिडकीची मूठ फिरवली, आणि रस्ता गप्प! ट्रॅक्टर दिसतोय, गाणं नाही. किती दिवसांनी घड्याळाची टिकटिक ऐकली.

नेहमीप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. हे पेपर घेऊन बसले. मी शेजारी बसून हळूच म्हटलं, "आवं, दीपूला दिवस गेलेत."

"हं," म्हणाले. आणि पान उलटलं.

हं?! आतल्या खोलीत जाऊन रडले.

१७ डिसेंबर
बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही, का बोलत नाहीस म्हणून.

१८ डिसेंबर
अबोला कशाला ताणायचा? यांना कुकरपाशी उभं केलं. "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." तीन बोटं दाखवली – रस्त्यामुळं लागलेली सवय. न्हाणीतून मी पाच मोजल्या. धावत आले. हे कुकरपुढं हात बांधून उभे.

"आगं, अजून एकबी झाली न्हाई."

खिडक्या बंद. घरात दुसरा कसला आवाज नाही. मला विश्वजितची ती पेटी आठवली, झाकण लावायच्या आधीचं यांचं "व्वा!" आठवलं. मी माझ्या कानाला हात लावून त्यांच्याकडं बघितलं.

त्यांनी बांधलेले हात सोडले. मग म्हणाले, "मलाबी वाटलं गं, रस्त्याचाच दोष निघंल. म्हणून तर खिडक्यांना व्हय म्हटलं."

आणि मी वेडी दोन दिवस रुसून बसले! त्यांचा हात हातात घेऊन बसले. डाळ करपली. करपू दे.

१९ डिसेंबर
सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडं जायचंय. पण तोवर कशाला थांबायचं?

शालूबाई अंगणात गहू निवडत होत्या. मी सगळ्या खिडक्या लावल्या, एकेक मूठ ओढून बघितली. यांच्यासमोर बसले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले – "आवं, तुमी आजोबा होणार!"

शालूबाईंनी मान वर केली नाही. यांनी केली.