पासपोर्टचं प्रस्थान

४ सप्टेंबर २००६, सोमवार
चैतालीचं इंग्लंड पक्कं. अर्धी फी माफ, वीस तारखेचं विमान, पंचवीसला वर्ग सुरू. फक्त व्हिसा बाकी, त्यासाठी पंधराला मुंबई. जूनमध्ये ती म्हणत होती, एजंट गाठू या. तेव्हाच म्हटलं, व्हिसाचं मी बघतो. बावीस वर्षं तुझा बाप नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पासपोर्ट छापतोय, त्याला एजंट कशाला? आमच्या सेक्शनचा वाल्मीक म्हणतो, आपण नुसती पुस्तकं छापतो रे, माणसं थोडीच पाठवतो. जळतो.
स्वतःसाठीही पासपोर्टचा अर्ज टाकलाय. पोरीच्या पदवीदानाला बाप नको?
संकल्प: रोज पाच इंग्रजी वाक्यं.

५ सप्टेंबर, सकाळी ९.४०
अडचण: शुक्रवारपासून पितृपक्ष, विमान नेमकं त्यातच. उपाय मीच काढला. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे मुहूर्तावर बॅग शेजारी नेऊन ठेवायची. माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. वीसला तिथूनच उचलायची. अट एकच, बॅग पुन्हा आपल्या घरात आणायची नाही. समोरच्या लताबाईंकडे ठेवली. त्यांनी बॅगेला हळदकुंकू वाहिलं.
बॅगेत दोन ड्रेस, सुपारी आणि चैतालीचा पासपोर्ट. खरा प्रवासी तोच. ती म्हणाली, पप्पा, व्हिसाला तो लागेल. म्हटलं, चौदाला लताबाईंच्या उंबऱ्यावर उभा राहून मी काढून घेईन. शास्त्रातला बारकावा आहे, तिला कळायचा नाही.

१० सप्टेंबर, रविवार
लताबाईंच्या दाराला कुलूप. सुरगाण्याला गेल्या, लेकीच्या बाळंतपणाला. सौ. म्हणते, दोन दिवसांत येते म्हणाल्या होत्या. चैताली म्हणते, बाळंतपण कधी दोन दिवसांत उरकतं का. मुलगी निराशावादी आहे. आईकडून आलंय.
इंग्रजी वाक्यं: शून्य. रविवार होता.

१३ सप्टेंबर
लताबाईंचा मोबाइल लागत नाही. तिकडे रेंज नाही. चैताली म्हणाली, कुलूप तोडू. मी म्हटलं, शेजारधर्म नावाची काही चीज असते. सौ.ने हातोडी काढून ठेवली. हे लक्षण वाईट.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी ७
कुलूप तोडलं. चैतालीने, माझ्या परवानगीने. परवानगी नंतर दिली.
आत बॅग नाही.

१५ सप्टेंबर
पहाटेची सुरगाण्याची एसटी, पुढे जीप. जीपमध्ये मी अठरावा. पोचलो साडेअकराला, व्हिसाची वेळ साडेदहाची होती. बॅग लताबाईंच्या उशाशी. म्हणाल्या, भाऊ, पोरीचं प्रस्थान माझ्या भरवशावर ठेवलेलं, रिकाम्या घरात कसं टाकून येऊ? म्हणून संगं आणलं. रोज उदबत्ती लावते.
त्यांना नात झालीय. पेढा दिला. खाल्ला.
परत आल्यावर आठवलं, बॅग घरात नेता येत नाही. बॅग लताबाईंच्याच घरात ठेवली आणि नवं कुलूप येईपर्यंत तुटक्या कुलपापाशी बसून राहिलो. सौ.ने चहा तिथेच आणून दिला. बशी आपटली.

१८ सप्टेंबर
व्हिसाची नवी तारीख अठ्ठावीस. विद्यापीठ कळवतं, पंचवीसला हजर नसाल तर पुढच्या वर्षी बघू. फीमाफी मात्र याच वर्षापुरती. मी त्यांना पितृपक्ष समजावणारं पत्र लिहायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत अडलो. चैताली म्हणाली, राहू द्या पप्पा. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२० सप्टेंबर, बुधवार
विमानाचा दिवस. चैतालीला पुण्यात एम.एस्सी.ला जागा मिळाली, वेटिंग लिस्टमधून. फॉर्म कधी भरला विचारलं. सौ. म्हणाली, जूनमध्येच. तुम्ही व्हिसाचं मी बघतो म्हणालात ना, त्याच दिवशी.
लताबाई कालच आल्या. बॅग त्यांच्याच दारातून उचलून पोर पुण्याच्या एसटीत बसली. म्हणजे प्रस्थान फुकट गेलं नाही. वाल्मीकला तसं पटवून दिलं. तो हसला नाही. वर चहाचे पैसेही त्यानेच दिले.

२२ सप्टेंबर
स्पीड पोस्टाने माझा पासपोर्ट आला. छपाई स्वच्छ, शिवण सरळ. नाव ठेवायला जागा नाही. सवयीने पानं मोजली. छत्तीस. बरोबर आहेत.
एकावर माझा फोटो. बाकी कोरी.