अनस्टेबल म्हणजे बदल

४ मार्च
बाबा दवाखान्यात. छातीत कळ येत असतानाही गिऱ्हाइकाच्या दाराची बिजागरी पूर्ण बसवली आणि मगच हत्यारं खाली ठेवली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून केसपेपर माझ्या ताब्यात. निश्चय: घाबरायचं नाही. रोज एक अवघड शब्द, त्याची पाच वाक्यं. आजचा शब्द कागदावरचाच: अनस्टेबल.

दुपारी
डिक्शनरी पाहिली. अनस्टेबल: कधीही बदलू शकेल असं. बदल चांगलाही असतोच की! आईला सांगितलं, बदल होतोय. तिने डोळे पुसले, दोन घास खाल्ले. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.
पहिलं वाक्य: माय टेबल इज अनस्टेबल. (बाबांनीच केलेलं. एक पाय तोकडा. पाचर मारतो म्हणतात, त्याला तीन वर्षं झाली.)

५ मार्च
दादाचा फोन. निघू का, तू सांगशील तसं, म्हणाला. नोकरी नवी, साहेब खडूस. म्हटलं, गरज पडली तर कळवते. त्याची नोकरी कशाला अनस्टेबल करा? (दुसरं वाक्य.)

६ मार्च
नर्सबाई म्हणाल्या, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. सगळ्यांनाच सांगत असतील.
बाबांनी विचारलं, कागदावर काय लिहिलंय गं? मी नीट समजावलं, टेबलाच्या उदाहरणासकट. हसले. म्हणाले, म्हणजे डुगडुगतंय. एवढं म्हणायला कॉलेज लागतं होय? मग म्हणाले, दादाला बघावंसं वाटतंय.
निश्चय: उद्या सकाळी फोन. आज केला तर आई उगाच धसका घेईल.

७ मार्च
बाबा चार चमचे दूध प्यायले. बदल! फोन संध्याकाळवर ढकलला. संध्याकाळी वाटलं, दादा दमला असेल. उद्या नक्की.
तिसरं वाक्य सुचत नाही.

८ मार्च
सकाळी नर्सबाईंनीच माझ्याकडून नंबर घेऊन दादाला फोन लावला.

९ मार्च
काल दादा संध्याकाळी पोचला. बाबा दुपारीच गेले होते.
तो ओरडला नाही. आज केसपेपर माझ्यापुढे धरला, म्हणाला, वाच, मराठीत. आई शेजारी बसली होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.
एकाही शब्दाला डिक्शनरी लागली नाही.