गोलची पाळी

धानोरा, गुरुवार

आदरणीय व्याहीसाहेब जगदीशभाऊ यांस पितांबर पाटलाचा मनापासून रामराम. रंजनाबाईंचे गुडघे आता कसे आहेत? आमच्या मंगलाबाईंनी सांगितलेलं तेल त्या लावत असतीलच. नसतील, तरी लावतात असंच कळवा, मला या घरात राहायचं आहे. (फोन का नाही केला म्हणाल, तर विसरवाडीच्या हायवेवरच्या तुमच्या टायरच्या दुकानात फोन लावला की तुमच्याऐवजी ट्रकच बोलतात. म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतोय.)

येत्या रविवारी तुम्ही रुचिकाला न्यायला येणार आहात, त्याबद्दलच लिहायचं आहे. नवनीत सुरतेची नोकरी सोडून बायकोपोरीसह गावी परतला खरा, पण आपली सात वर्षांची नात काही मनाने परतली नाही. पावसाळा सरला तरी पोरगी गल्लीत कुणाशी चकार शब्द बोलेना. शेवटी आपण सगळ्यांनी बसून ठरवलं, की तुमच्याकडे तिची मामेभावंडं आहेत, तेव्हा सहामाहीनंतर तिला तिकडच्याच शाळेत घालावं. मीही मान हलवली. मनापासून नव्हे, एवढं आज कबूल करतो.

तर मधल्या काळात मी फुटबॉलचा कोच झालो. हसू नका. शाळेतल्या रिना मॅडमनी लहान पोरांचा पाच-पाच जणांचा फुटबॉल सुरू केला. छोटं मैदान, विटा मांडून केलेले छोटे गोल, आणि मैदान म्हणजे आमचं खळं. पुढे मॅडमना ट्रेनिंगला जावं लागलं. ज्याचं खळं त्याच्याकडे पोरं, असा सरळ विचार करून त्या शिट्टी माझ्या गळ्यात अडकवून गेल्या. वर बजावलं, की काका, बाहेरून ओरडायचं नाही, हरलो-जिंकलो म्हणायचं नाही, आणि प्रत्येक पोराला सारखी संधी मिळाली पाहिजे. आता तुम्हीच सांगा, माझा जन्म गेला कारखान्याच्या शेतकी खात्यात, ऊसतोडीचे प्रोग्राम लावण्यात. ज्याच्या उसाची लागण आधी त्याची तोड आधी, मग तो सरपंच असो की माझा सख्खा साडू. (साडू अजून बोलत नाही.) सारखी संधी म्हणजे काय, हे या पितांबरला शिकवायचं? मी सगळ्या पोरांच्या जन्मतारखा मागवल्या आणि गोल मारायची पाळी लावून टाकली. जो आधी जन्मला त्याचा गोल आधी. बाकीच्यांनी बॉल त्याच्यापर्यंत नेऊन द्यायचा, स्वतः मारायचा नाही. पोरांनी हे इतकं मनावर घेतलं की कुणी पाळी मोडली तर तीच एकमेकांच्या अंगावर जायची. रुचिका तेवढी आपल्या पाळीला मुकाट्याने लाथ मारायची आणि पुन्हा कडेला जाऊन उभी राहायची.

गेल्या शनिवारी शेजारच्या गावची टीम आली. त्यांच्यात पाळीबिळी काही नाही, ज्याला बॉल सापडेल तो मारत सुटतो. शिस्त म्हणून नाही! ओरडायची बंदी असल्यामुळे मी तोंडात टॉवेल कोंबून बसलो होतो. शेजारी किराणावाले नथमलशेठ बसलेले. त्यांची नात जिया आमच्याच टीममध्ये आहे, पण शेठना कसली बंदी? ते "मार, मार" करत खुर्चीतून उठत होते, बसत होते. एवढ्यात बॉल घरंगळत आला तो थेट रुचिकाच्या पायाशी. समोर गोल मोकळा, त्यांचा गोलकीपर खाली बसून बुटाची नाडी बांधतोय, सगळं गाव बोंबलतंय, आणि आपली नात बॉलवर पाय ठेवून शांत उभी! शेठ माझ्याकडे वळून विचारू लागले, पाटील, पोरीला झालं काय? मी काय कपाळ सांगणार? पाळी जियाची होती.

आणि जियाबाई मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला कोंबडीची पिल्लं बघत होत्या. तेव्हा जगदीशभाऊ, जिचा आवाज या गावाने ऐकला नव्हता, त्या पोरीने कमरेवर हात ठेवून अशी काही आरोळी ठोकली, की कोंबड्यासुद्धा उडाल्या. "ए जिया! तुन्हा नंबर शे ना! पयत ये ना व!" अहो, अहिराणी! अस्सल! इतके दिवस कडेला उभं राहून पोरगी सगळं कानात साठवत होती म्हणायची. जिया पळत आली तोवर त्यांच्या पोराने बॉल पळवून आमच्यावर गोल चढवला. (कितवा ते विचारू नका, मोजायचं नाही असं ठरलंय.) मग दोघी भर मैदानात कचाकचा भांडल्या. रुचिका भांडली हो! आणि भांडण संपल्यावर जियाच्या गळ्यात हात टाकून तिच्या घरी जेवायला निघून गेली. मी तोंडातला टॉवेल काढला आणि डोळ्यांना लावला. शेठना वाटलं, हरल्याचं दुःख झालं.

तेव्हापासून तिचं तोंड बंद म्हणून नाही. हुश्श झालं बघा! रिना मॅडम परत आल्या, पाळीचा प्रकार ऐकून आधी डोक्याला हात लावून बसल्या, मग पोट धरधरून हसल्या. पाळी रद्द झाली, शिट्टी गेली. आता मी फक्त विटा मांडतो आणि गप्प बसतो, त्यातही मजा आहे. तेव्हा शाळा बदलण्याचा विषय आपण सोडून द्यावा. नवनीत आणि सूनबाईही याच मताचे आहेत. सर्वांना नमस्कार, लहानांचे लाड तुम्हीच माझ्या वतीने करा.

आपला,
पितांबर

ता. क. रविवारी मात्र या हं! सकाळी पोरांची मॅच आहे आणि दुपारी मंगलाबाई भरीत आणि कळण्याच्या भाकरी करणार आहेत. फक्त शेठसारखं "मार, मार" करू नका.

आणखी ता. क. खरं तर एवढ्यासाठीच कागद हातात घेतला होता. रुचिकाला भेटा, खाऊ द्या, खांद्यावर घेऊन गावभर फिरवा. पण "येतेस का माझ्याबरोबर?" असं तेवढं विचारू नका. तुमच्यावर तिचा फार जीव आहे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती हो म्हणेल, आणि तिने हो म्हटल्यावर तिला थांबवायला माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.