दुसऱ्या लॅबचे रिपोर्ट

दादा,

तुला जाऊन सहा महिने झाले. आमच्या लॅबमध्ये तुझं रक्त नेहमी मीच काढायचे आणि तू म्हणायचास, "आला आमचा घरचा डास!" तू गेल्यावर तुझ्या कपाटात तुझ्या आजाराचे, दुसऱ्याच लॅबचे वर्षभराचे रिपोर्ट सापडले. वहिनी म्हणाली, "ह्यांनीच शपथ घातली होती, तिला कळू देऊ नको म्हणून." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नाही. त्या दिवसापासून मला कुणाचीच शीर पहिल्या प्रयत्नात सापडेना.

म्हणून समुपदेशक बाईंकडे जाते. त्या म्हणाल्या, "तुमच्या मनाचा एक भाग चिडलाय. तुमच्या आत एक चिडलेली मुलगी बसली आहे असं समजा आणि तिला विचारा, कशाची भीती वाटते?" मला हसू आलं, तरी विचारलं. आतली चिडलेली म्हणाली, "मी गप्प बसले तर माझ्यामागची धाकटी रडेल." तिच्यामागे सात वर्षांची मी होते, तुझ्या शर्टाचं टोक धरून शाळेत जाणारी. तिला जवळ घेतलं. ती खूप रडली.

काल एका आजोबांची शीर पहिल्याच प्रयत्नात मिळाली. चिडलेली आता बरीच शांत असते. धाकटीची मात्र तुझ्याशी कट्टी आहे, आणि मी तिला घाई करत नाही.

तुझाच,
डास