पूजेतली पक्कड

मामा, आज खंडेनवमीला मी पूजेत मांडलेली हत्यारं उचलली. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. गॅरेजात शिस्त तुमचीच आहे. नवमीला सकाळी सगळे पान्हे, पकडी, हातोड्या डिझेलमध्ये धुवायच्या, पुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि दसरा उजाडेपर्यंत कुणी कशाला शिवायचं नाही. वर्षभर राबणाऱ्या हत्याराला एक दिवस रजा, असं तुम्ही म्हणायचा, आणि तुमच्या फौजी आवाजात म्हटलं की ती रजा वरच्या साहेबानं मंजूर केल्यासारखी वाटायची. मग सुनेनं ती का मोडली, ते सांगायला बसलेय. आत्या आत देवापाशी माळ बांधतायत. त्यांना अर्धंच ठाऊक आहे. सगळं सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे मला?

झालं असं की हत्यारं धुवून झाली आणि मी पार्टांचा ट्रे उपडा केला, तर तळाशी एक पिन, तिची बारकी स्प्रिंग आणि वाटी. स्वच्छ, पेट्रोलनं धुतलेली. मागच्या ब्रेकचा शू जागेवर दाबून धरणारी ती जोडणी, एका चाकाला दोन, दोन्ही चाकांच्या मिळून चार. काल मी एकच गाडी उघडली होती, आपल्या जुन्या गिऱ्हाइकाची, गुरुजींची. जुन्या चारही चांगल्या होत्या म्हणून धुवून परत घालायच्या ठरवल्या होत्या, आणि त्यातली एक माझ्या तळहातावर होती. गुरुजी तर सकाळीच बायकोला, आपल्या काकूंना, घेऊन औंधला यमाईच्या दर्शनाला गेले होते. काकूंचे गुडघे गेलेत, म्हणजे पायऱ्या चढणं नाही, गाडी थेट टेकडीवर. चढताना काही होत नाही. उतरताना पाय सारखा ब्रेकवर, आणि आत एक शू मोकळा. तो तिरका होऊन ड्रममध्ये अडकला तर चाक जागेवर धरणार आणि गाडी वळणावर फिरणार. फोन लावला तर उचलला त्यांच्या भाडेकरूनं. मोबाईल घरीच चार्जिंगला ठेवून गुरुजी देवाला गेले होते.

हे झालं कसं, तेही सांगते, सबबी न सांगता. मी दोन्ही चाकं एकदम उघडली होती. जतहून लग्न होऊन आले तेव्हा मला पान्हा आणि पक्कड यातला फरक कळत नव्हता. तुमचा मुलगा सीमेवर, घरात सासू-सासरे म्हणून तुम्ही आणि आत्या, आणि मी. एके दिवशी तुमच्या जाड बोटांना ब्रेकची स्प्रिंग काही केल्या बसेना. मी चहा घेऊन आलेली. तुम्ही म्हणालात, पोरी, हात बारीक हाय तुझा, ओढ बघू. मी ओढली आणि ती खटकन बसली. त्या दिवसापासून डोक्यावरचा पदर कमरेला गेला. आत्या आठ दिवस बोलल्या नाहीत, आणि वडूजच्या बाजारात लोक बोलायचे ते वेगळंच. तुम्ही एका जुन्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक तापवून वाकवलंत, माझ्या मुठीच्या मापाची मूठ बसवलीत आणि म्हणालात, हे तुझं, ह्याला म्या बी हात लावणार न्हाई. मला माहेरून आलेल्या पैठणीचा एवढा आनंद झाला नव्हता. दोन गोष्टी मात्र तुम्ही रोज घोकून घेतल्या. पहिली, पार्ट मोजून काढायचे आणि मोजून घालायचे, तेही मोठ्यानं. मी मोजायची ती माझ्या कानडीत, ओंदू, एरडू, मूरू, नालकू, आणि गिऱ्हाइकं हसायची. तुम्ही म्हणायचा, हसू दे की, चुकून तर ऱ्हाईना. दुसरी, एका वेळी एकच चाक उघडायचं, म्हणजे काही विसरलं तर दुसरं चाक बघायला असतं. "दोन्ही खोलल्यावर बघायचं कुणाच्या तोंडाकडं?" असं तुम्ही विचारायचा. काल मला घाई होती, जॅक दोन होते, आणि मोजलंही नाही. एवढ्या वर्षांनी हाताला सगळं येतं असा ताठा आला होता, दुसरं काही नाही.

एकदा मी शू उलटे बसवले होते, पुढचा मागं आणि मागचा पुढं, आठवतं? तुम्ही ड्रम उघडून बघितलात, परत बंद केलात आणि म्हणालात, चल, तूच चालव. आपण दहिवडीच्या रस्त्याला लागतो. तुम्ही शेजारी बसलेले, हात हँडब्रेकवर. मी ब्रेक दाबते आणि गाडी डाव्या अंगाला अशी ओढते की आपण बांधावरून थेट कुणाच्या तरी ज्वारीत. इंजिन बंद पडतं. मी रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही खिडकीतून कणसं बाजूला सारत म्हणता, "दुसऱ्याच्या लेकराला बसवायच्या आधी आपुन बसायचं." मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. तेव्हापासून प्रत्येक गाडी मी स्वतः फिरवून आणते. कालही आणली. ब्रेक नीट लागला, आणि मी निर्धास्त झाले.

तर मी पाटावरून हार बाजूला केला. पक्कड घेतली, हातोडी, चाकाचा पान्हा आणि माझं ते वाकड्या टोकाचं हत्यार. आत्या दारात उभ्या. म्हणाल्या, अगं, आजच्या दिवशी हत्याराला हात लावत न्हाईत. मी म्हटलं, आत्या, माणसं घाटावर हायत. एका चाकाची पिन राहिलीय, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी स्वतःच जॅक उचलून स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी ठेवला आणि म्हणाल्या, "तू जा. देवाला काय सांगायचं ते मी सांगते." तुम्ही असता तर काय केलं असतं, हे मी वाटभर विचारत होते. रागावला असता, की माझ्या मागं बसून लवकर हाण म्हणाला असता? रस्त्याकडेला बटाट्याची पोती लागली होती, ट्रॅक्टर आडवे, सणाची गर्दी. मी कुणालाही वाट दिली नाही. दोघांनी शिव्या घातल्या, घालू देत.

विट्याचा तो ऊसतोडीचा मुकादमही वाटेत आठवला. त्याच्या जीपच्या चाकाचे नट हातानं लावून आवळायचे राहिले, हे जीप गेल्यावर तुमच्या ध्यानात आलं. तुम्ही मिळेल ती एस्टी धरून विट्याला गेलात, स्टँडवर जीप गाठली आणि चार माणसांत सांगितलंत की चूक माझी हाय. त्यानं तुमची आईबहीण काढली. तुम्ही परत आलात, बशीत चहा ओतलात आणि मला म्हणालात, "शिव्या खाल्ल्या. जीप धड हाय, माणसं धड हायती. बास."

गुरुजींची गाडी वर टेकडीवर उभी दिसली आणि मी स्कूटीवरच देवीला हात जोडले. गुरुजी आणि काकू दर्शन करून येतच होते. मला जॅकसकट बघून गुरुजी चकित झाले. आणि मामा, तोंड उघडलं ते खरं सांगायलाच उघडलं होतं. तुमच्या माघारी बाईमाणूस काय ब्रेक करणार म्हणून सगळी गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा पहिली गाडी आणून लावणारा हा माणूस. त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मी म्हणाले, सणासुदीचं घाटात आलाय, म्हटलं एकदा परत बघून घ्यावं. त्यांनी हँडब्रेक सोडला, मी पुढच्या चाकांना दगड लावले आणि डावं चाक उघडलं. शू एका अंगाला कलला होता, कड घासून चकाकत होती. गुरुजी मागून डोकावत होते. मी पाठ आडवी घेतली, त्यांना दिसू नये म्हणून. पिन घातली, स्प्रिंग बसवली, ड्रम चढवला. मग उजवंही उघडून बघितलं, ते ठीक होतं. उतारावर गाडी मीच चालवली, पायथ्यापर्यंत; स्कूटी वरच राहिली, ती नंतर पायऱ्या चढून आणली. ब्रेक लोण्यासारखा लागला. गुरुजी वाटभर काकूंना सांगत होते की असं गॅरेज जिल्ह्यात नाही, आणि पुतण्याची गाडीही माझ्याकडंच पाठवणार म्हणून. माझ्या कानशिलावर कुणी मारावं तसे ते शब्द लागत होते.

माणसं धड आहेत, मामा. पण तुमच्यासारखं बास म्हणता येईना. म्हणून ठरवलंय. उद्या दसरा. आपट्याचं सोनं द्यायला मी गुरुजींच्या घरी जाणार, आणि पानं त्यांच्या हातात ठेवायच्या आधी सांगणार की काल माझ्या हातून काय राहिलं आणि टेकडीवर मी काय लपवलं. गाडी दुसरीकडं नेली तर नेऊ देत. पुतण्यालाही सांगू देत, गावालाही. गॅरेज बंद पडणार नाही, पडू देणार नाही, पण खोट्या नावावर चालवणार नाही. हा कागद कुठं धाडायचा नाहीच. उद्या बोलून आले की फाडून टाकीन.

एक गोष्ट मात्र गुरुजींना सांगायची हिंमत होणार नाही, ती तुम्हालाच सांगते. टेकडीवर चाक बसवून मी उभी राहिले तेव्हा काकूंनी देवीच्या प्रसादाचा नारळ माझ्या ओटीत घातला. नवमीची सवाष्ण, आज माझी यमाई तूच, असं म्हणत गुडघे दुखत असताना खाली वाकल्या आणि माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत.