हंगामी आणि कायम

आप्पा, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. रागाचं कारण तुम्हाला कधी कळलं नाही. ते कळू नये म्हणून मीच जिवाचं रान केलं होतं, त्यामुळे तुमच्याशी भांडायलाही मला तोंड नाही. म्हणून हे लिहायला बसले.

तो दुष्काळाचा उन्हाळा आठवा. उभा ऊस वाळला होता, सहकारी कारखान्याचं गळीत लवकर आटोपलं होतं, आणि तुमच्यासारख्या हंगामी वॉचमनला ठेवणार की घरी बसवणार, हे कोणी धड सांगत नव्हतं. मी सोलापूरच्या कॉलेजातून सुट्टीला गावी, बेंबळीला आलेली. कंप्युटर सायन्सचं शेवटचं वर्ष राहिलेलं, पण वर्गात मी कच्चीच. एका मशीनमागं अख्खा वर्ग, माझा हात कीबोर्डला लागायचा तो नावापुरता. इकडं कारखान्यात नवाकोरा कंप्युटर येऊन पडला होता. बसवणारा माणूस बसवून निघून गेला, आणि नंतर त्याला हात लावायची कोणाची छाती होईना. तेव्हा तुम्ही टोपी काढून कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांपुढं उभे राहिलात. "माझी पोरगी त्येच शिकायलीय साहेब. बसू द्या तिला."

ती खोली अजून डोळ्यांपुढं येते. चपला बाहेर, खिडक्या बंद, एसीची गार हवा जाऊ नये म्हणून दारही बंद. बाहेर स्टुलावर तुम्ही, आत मी आणि कामगारांच्या पगाराचा प्रोग्रॅम. मध्येच वीज जाते आणि सकाळपासून टाइप केलेलं सगळं पुसलं जातं. दोनचार वेळा रडून झाल्यावर मी आधी कागदावर लिहायला लागले. ओळीवर बोट ठेवायचं, मीच मशीन आहे असं समजायचं आणि आकडा कुठून कुठं जातो ते बघत राहायचं. कॉलेजात जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या कोंडलेल्या खोलीत हळूहळू हातात बसायला लागलं. एकदा मात्र सगळ्याच कामगारांना बारमाही पगार निघाला. हंगामी माणसाच्या नावापुढं सीझनलचा एस आणि कायमच्या नावापुढं परमनंटचा पी असायचा. ते अक्षर तपासायची अटच मी घालायची विसरले होते. डोकं धरून बाहेर आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "मग त्यात काय चुकलं? ऱ्हाऊ दे की तसंच." आपण दोघं पोट धरून हसलो. मग आत जाऊन मी ती अट घातली.

प्रोग्रॅम बिनचूक चालला त्या दिवशी साहेब आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "कॉलेजात आता आणखी काय शिकणार? मशीन इथं आहे, काम इथं आहे. तू थांबलीस तर वडलांना कायम करून टाकतो. नाहीतर यंदा ऊसच नाही, हंगामी माणसं कुठवर सांभाळायची?" दाराबाहेर तुम्ही खोकताय, ते मला ऐकू येतंय. प्रोग्रॅम थोडा जरी वाईट लिहिला असता तर यांना माझी गरज पडली नसती, हे मला तिथंच कळलं. जितकी शिकले होते तितकीच अडकले होते. "थांबते," मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात तुमच्या नावापुढचा एस काढून पी मीच टाइप केला.

ऑर्डर हातात पडली तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. "इमानानं गेटवर उभा ऱ्हायलो, त्येचं चीज झालं," असं ज्याला त्याला सांगत फिरलात. तुम्हाला इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून कॉलेजचा कंटाळा आला, एवढंच सांगितलं. पण तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. पाहुण्यांपुढं, जेवायच्या ताटावर, दरवर्षी तेच. "येक वरीस ऱ्हायलं व्हतं हिचं, त्ये बी झालं न्हाय. लई कटाळखोर." मी तुमच्या ताटात भाकरी वाढायची आणि आत निघून जायची. वर्गातल्या मुली पुण्याला गेल्या, नव्या भाषा शिकल्या. मी त्याच बंद खोलीत तोच पगाराचा प्रोग्रॅम दुरुस्त करत राहिले, कारखाना बंद पडेपर्यंत.

तुम्ही असता तर यातलं एक अक्षरही लिहिलं नसतं. ते कायम होणं तुमच्या इमानाचंच फळ राहावं, असं मला आजही वाटतं. पण आप्पा, तो प्रोग्रॅम खरंच चांगला होता, आणि एकदा तरी तुम्ही मला हुशार म्हणायला हवं होतं.